प्रोस्टेटचा कर्करोग: एका जनुकावर न भागणारं गणित

रायपूरच्या ‘मेकाहारा’त, म्हणजे डॉ. आंबेडकर रुग्णालयात, सिकलिंगची, म्हणजे सिकलसेल आजाराची, तपासणी कोणालाच नवी नाही. जनुक म्हणजे काय, हे छत्तीसगडला या आजारानेच शिकवलं. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. प्रोस्टेटच्या कर्करोगामागेही असंच एखादं हार्मोनचं जनुक हाती लागेल, अशी १९९०च्या दशकात मोठी आशा होती.

ती पोकळही नव्हती. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे अधिक जहाल हार्मोन बनवतं ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत ते जन्मतःच जवळपास निकामी असतं आणि त्या पुरुषांची प्रोस्टेट इवलीशीच राहते. १९७४च्या या शोधातून पुढे हे एन्झाइम रोखणारी फिनास्टेराइडची गोळी आली. मग याच एन्झाइमच्या जनुकाचे सौम्य प्रकार सापडले. एन्झाइममध्ये ८९व्या जागी व्हॅलिनऐवजी ल्युसिन आलं की त्याचं काम मंदावतं, आणि ल्युसिनवाले पूर्व आशियात जास्त. जपान्यांत हा कर्करोग कमी, आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत जास्त. कोडं सुटल्यात जमा होतं!

सुटलं मात्र नाही. २००८ साली १८ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि कर्करोगाचा धोका यांचा संबंधच दिसेना. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपान्यांत हा कर्करोग मायदेशापेक्षा जास्त आढळतो, हेही जुनंच निरीक्षण. जनुकं तर तीच. आपल्याकडे २००५ मध्ये लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी हार्मोनच्या रिसेप्टरचं जनुक तपासलं. त्यातली ‘सीएजी’ या तीन अक्षरांची पुनरावृत्ती रुग्णांमध्ये आखूड निघाली. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत तसं आढळलं नाही. लहान अभ्यासातून वंशाचं भाकीत करू नये, एवढं तरी यातून कळावं.

हार्मोनची जनुकं उपयोगी पडताहेत ती उपचारात. एचएसडी३बी१ या जनुकाचा एक प्रकार असला की अधिवृक्क ग्रंथीकडून मिळालेल्या कच्च्या मालापासून गाठ स्वतःच हार्मोन बनवते आणि हार्मोन रोखणारे उपचार लवकर निष्प्रभ होतात. हा प्रकार युरोपीय वंशात अधिक.

तेव्हा रायपुरातला तात्यापारा असो की चौबे कॉलनी, ‘आपल्यात हा रोग कमीच’ या भरवशावर राहू नका. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल तर तुमचा धोका साधारण दुप्पट असतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा आणि पीएसए ही रक्तचाचणी कधी करायची ते विचारून घ्या.