गोठ्याची दुरुस्ती : आधी वही, मग पत्रा



गाळप हंगाम आटोपला, उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की परसातल्या गोठ्याची आठवण होते. तोवर पाऊस तोंडावर असतो आणि गवंडी, सुतार हाती लागत नाहीत. "होईल तेवढ्यात भागवू" म्हणून काम काढायचे आणि निम्म्यावर पैसे संपले की उसनवारी करायची, हे आपल्याला नवे नाही.

म्हणून आधी वही घ्या. भर दुपारी गोठ्यात उभे राहून वर पाहा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल, तिथून पाणी येणार. मग मोजमाप करा. 30 फूट लांबीला साडेतीन फुटी पत्रे भागाकाराने 9 येतात. पण जोडावर पत्रा पत्र्यावर चढतो, म्हणून लागतात 10. दहावा विसरला, तर टेम्पोचे भाडे दुबार!

पत्रे, हूक-वायसर, लाकूड, सिमेंट-वाळू, मजुरी, भाडे असे वेगवेगळे रकाने पाडा. कुजका वासा जुने पत्रे उतरल्यावरच दिसतो. त्यासाठी खर्चाचा दहावा हिस्सा बाजूला ठेवाच.

पैसे कमी पडले तर पहिले छप्पर, मग नालीकडे उतार काढलेली जमीन, रंग शेवटी. जमीन ओली राहिली की खूर सडतात, कास सुजते. डॉक्टरचे बिल वहीत नसले तरी जाते आपल्याच खिशातून.

खोडव्याच्या खताचे पैसे मात्र गोठ्यात घालू नका. रंग पुढच्या वर्षी देता येईल. खताची वेळ पुन्हा येत नाही.