पहिल्यांदाच टीबी झाला, तरी औषध लागू का पडत नाही?

"मी आयुष्यात टीबीची एकही गोळी खाल्लेली नाही. मग औषधांना दाद न देणारा टीबी मला कसा झाला?" हा प्रश्न अनेक रुग्णांना पडतो. घरचेही लगेच संशय घेतात, 'गोळ्या चुकवल्या असशील.' पण दोष त्या रुग्णाचा नसतो.

टीबीचे औषध अर्धवट सुटले, की साधे जंतू मरतात आणि चिवट जंतू उरतात, वाढतात. असा रुग्ण खोकला की तेच चिवट जंतू हवेतून दुसऱ्याच्या फुप्फुसात जातात. त्या दुसऱ्या माणसाचा टीबी पहिल्या दिवसापासूनच चिवट असतो. दहा बाय दहाची खोली, एकच खिडकी आणि तीही शेजारच्या भिंतीला लागून असेल, तर ही हवा घरातच कोंडून राहते.

२०१४ ते २०१६ मध्ये देशभर झालेल्या सरकारी पाहणीत, पूर्वी उपचार घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे १२ रुग्णांचा टीबी आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद देत नव्हता. नव्या रुग्णांत हे प्रमाण शंभरात सुमारे ३ होते. मात्र किमान एका औषधाला दाद न देणारे नवे रुग्ण शंभरात २२ हून अधिक निघाले.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. नुसत्या एक्स-रेवर थांबू नका. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मोफत तपासणीत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का, हे काही तासांत कळते. आयसोनियाझिडचे मात्र त्यात कळत नाही. त्यासाठी एलपीए ही वेगळी तपासणी असते. "माझी ती तपासणी झाली का?" असे डॉक्टरांना जरूर विचारा.

औषधे घेऊनही खोकला, ताप कमी होत नसेल तर मनाने गोळ्या बंद करू नका, डॉक्टरही बदलत बसू नका. थुंकी पुन्हा तपासायला सांगा.

चिवट टीबीही बरा होतो. पूर्वी त्याला दीड-दोन वर्षे लागत. आता बेडाक्विलिन असलेला सहा महिन्यांचा उपचार २०२४ पासून सरकारने मान्य केला आहे. तो कोणाला चालेल हे डॉक्टर ठरवतात. उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपये बँक खात्यात मिळतात. नाव नोंदले आहे ना, याची खात्री करा.

घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घ्या. रुग्णाने मास्क लावावा, खिडकी-दार उघडे ठेवावे. ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. टीबी हवेतून पसरतो, जेवणाच्या भांड्यांतून नाही.