पगाराविना पलटण

देशाचं दिवाळं वाजलं की लष्कराचं काय होतं? एक तर सेनापती सत्ता बळकावतात, नाहीतर फौज पांगते, असंच आपण धरून चालतो. लेबनॉनमध्ये २०१९नंतर यातलं काहीच घडलं नाही, म्हणून ते उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. तिथला पाउंड १९९७पासून डॉलरला सुमारे १५०० या दराने बांधलेला होता. २०१९ अखेरीस बँका कोलमडल्या आणि पुढच्या तीन-चार वर्षांत चलनाची नव्वद टक्क्यांहून अधिक किंमत गेली. सैनिकाचा पगार पाउंडात. त्यामुळे सरकारने तो न कापताही महिन्याच्या ८०० डॉलरांचे १००हून कमी झाले. २०२०च्या उन्हाळ्यात जवानांच्या जेवणातून मांस गेलं. पुढच्या वर्षी लष्कराने पर्यटकांना हेलिकॉप्टरमधून फिरवायला घेतलं, पंधरा मिनिटांचे १५० डॉलर. बातमी वाचून हसू येतं खरं, पण सुट्या भागांसाठी लागणारे डॉलर सरकारी तिजोरीत उरलेच नव्हते.

अशा पडझडीत शस्त्रं सगळ्यांत शेवटी जातात. आधी जातो तो माणसाचा वेळ. रणगाडा आवारात उभाच असतो, पण जवान सुट्टीत टॅक्सी चालवतो, हॉटेलात वाढप्याचं काम करतो, आणि अधिकारी काणाडोळा करतात. न करून करतील काय? अडवलं तर तो नोकरीच सोडून जाईल, आणि हजारो जण तसे गेलेही. हजेरीपटावर पलटण भरलेली दिसते, सराव मात्र आटतो. अमेरिका २००६पासून या लष्कराला गाड्या आणि शस्त्रं देत आली होती. गाडी दान देता येते, तिच्यातल्या शिपायाच्या घरचं भाडं त्या मदतीत बसत नव्हतं. मग २०२१मध्ये कतारने अन्नधान्य पाठवलं, २०२२मध्ये पगारासाठी ६ कोटी डॉलर जाहीर केले, आणि २०२३मध्ये अमेरिकेनेही संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत सैनिकांना काही महिने दरमहा १०० डॉलर देण्याची सोय केली.

यावर कोणी म्हणेल, अखेर लष्कर टिकलंच की! टिकलं, आणि याच लष्कराची १९७६ आणि १९८४मध्ये पंथांवरून शकलं झाली होती हे लक्षात घेता ती लहान गोष्ट नाही. पण ते परक्यांच्या पैशावर टिकलं. असा हात देणारा नसला की काय होतं, ते नव्वदच्या दशकातल्या रशियात दिसलं. १९९५मध्ये थकीत बिलापायी वीज कंपनीने नॉर्दर्न फ्लीटच्या अणुपाणबुड्यांच्या तळाचा पुरवठा तोडला, आणि नौदलाने सशस्त्र माणसं पाठवून तो परत सुरू करायला लावला. दुसरा आक्षेप असा, की उपाशी सैनिक बंड का करत नाहीत? लेबनॉनचे सेनापती जोसेफ औन यांनी मार्च २०२१मध्ये जवान जनतेसारखेच उपाशी आहेत असं उघड सुनावलं होतं. पण रिकामी तिजोरी बळकावून पगार निघत नाही, आणि अनेक पंथांच्या अधिकाऱ्यांत एकाने सत्ता घेतली तर बाकीचे ती मान्य करतील याची हमी नव्हती. औन जानेवारी २०२५मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले ते संसदेच्या मतदानाने.

खरी अडचण कामाच्या वेळी उभी राहते. इस्रायल आणि हिजबुल्ला यांच्यातल्या नोव्हेंबर २०२४च्या युद्धविरामानुसार दक्षिण लेबनॉनचा ताबा याच लष्कराने घ्यायचा ठरला. त्यासाठी हजारो जवान कायमचे तिकडे ठेवायचे, म्हणजे बैरूतमधली त्यांची दुसरी नोकरी सुटणार. तेवढी भरपाई कोण देणार, हे न ठरवता कागदावर तैनातीचा आकडा लिहिणं सोपं आहे.