मोडीला खिळे मिळाले, ओघ मिळाला नाही

सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. नांदेड, लातूरसह आठही जिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली. काही कागद उर्दूत, काही मोडीत. मोडी वाचणाऱ्या माणसांची गरज एकाएकी सरकारला भासू लागली. मला तेव्हापासून वाटत आलं आहे की या कागदांकडे पुरावा म्हणून जेवढं पाहिलं जातं, तेवढंच अक्षर म्हणूनही पाहायला हवं. मोडीचा चांगला टाइप घडवायचा, तर त्याचं मूळ याच दप्तरांत आहे.

मोडीचे खिळे तसे फार जुने. बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम कॅरीने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण नागरी टाइपात छापलं आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, तो मोडी टाइपात. पंडित वैजनाथ त्याच्या मदतीला होते. पण हे सारं महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांपासून शेकडो कोस दूर, आणि शिवाय धातूत. प्रत्येक खिळ्याला स्वतःची चौकट असते, आणि मोडीला चौकट मानवतच नाही.

मोडी कशी लिहितात ते जवळून पाहिलं की हे लगेच ध्यानात येतं. आधी कागदावर डावीकडून उजवीकडे अख्खी रेघ ओढून घ्यायची. मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायचं. अक्षर, त्याचा काना आणि पुढचं अक्षर शक्य तितकं एका ओढीत, बोरू न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, इकार एकच, उकार एकच. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. आणि ‘र’ तर शेजार पाहून रूप बदलतो. लिहिणाऱ्याचा वेग हाच या लिपीचा घाट. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणांची नावं आहेत ती उगाच नव्हेत. प्रत्येकात हाताची ओढ निराळी.

नागरीला मुंबईत कसबी माणसं लाभली. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहमने मराठी टाइप सुधारला. त्याच छापखान्यात शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे 1869 मध्ये निर्णयसागर काढला, आणि राणोजी रावजी आरू यांनी त्यासाठी घडवलेलं अक्षर पुढच्या पिढ्यांना मराठी पुस्तकाचा चेहराच वाटू लागलं. त्यात बोरूच्या तिरक्या छाटाची जाड-बारीक रेघ जपलेली आहे. मोडीच्या वाट्याला असा कारागीर आला नाही. शिळाप्रेसवर हातचं वळण जसंच्या तसं उमटे, तेवढाच काय तो आधार.

खिळ्याच्या चौकटीची अडचण संगणकाने दूर केली आहे. 2014 मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली आणि नोटो सान्स मोडी हा फॉन्टही आज फुकट मिळतो. तो उपयोगाचा आहे, नक्कीच. पण त्यातली रेघ जवळपास एकाच जाडीची. तक्त्यावरची अक्षरं ओळखायला तो बरा; दप्तरातलं पान वाचायला शिकणाऱ्याला मात्र त्यात कोणाचाच हात सापडत नाही.

हात कसा पकडावा, याचा उत्तम नमुना जैनी हा फॉन्ट. ‘एक टाइप’ या संस्थेच्या गिरीश दळवी आणि मैथिली शिंगरे यांनी तो 1503 सालच्या कल्पसूत्राच्या एका पोथीवरून घडवला. शंभर पोथ्यांची सरासरी काढली नाही. एकच पोथी घेतली, तिची लेखणी समजून घेतली. वर ‘जैनी पूर्वा’ हा दुसरा अवतारही केला, त्यात जुनी अक्षररूपं ठेवली, तर ‘जैनी’त आजची. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. मूळ न बिघडवता आजच्या वाचकालाही सोय झाली.

मोडीसाठी हेच करता येईल. मराठवाड्यातल्या एखाद्या कचेरीतला, तारीख असलेला, एकाच कारकुनाच्या हातचा गठ्ठा घ्यावा. मीटरभर लांब तक्ते करण्यापूर्वी त्यातले सगळे ‘र’ वेचावेत: कोणत्या अक्षरानंतर तो कसा वळतो, कुठे वर चढतो, कुठे नुसता झोक उरतो. संगणकाला हे नियम शिकवता येतात; शिशाला येत नव्हते. मग काना, मग उकार. रेघेची जाडी त्या कारकुनाच्या बोरूवरूनच मोजावी, आणि फॉन्टला नाव द्यायचं झालं तर त्या गावाचंच द्यावं.