शाब्लीचें श्वेत मद्य

फ्रान्समधील बर्गंडी प्रांताच्या उत्तर टोकास, सेरँ नदीच्या कांठीं, शाब्ली हें लहानसें गांव आहे. तेथील मद्य केवळ शार्दोने द्राक्षांचें. चुनखडीच्या त्या भूमींत सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वींच्या समुद्रांतील कालवांचे शिंपले सांपडतात. योगायोग असा, कीं हें कोरडें, आंबटसर मद्य कोंकणवासीयांस परिचित अशा कालवांबरोबरच रुचतें. शिंपल्यांची चव द्राक्षांत उतरते, हें मात्र रसिकांचें कवित्व! खरी धास्ती एप्रिलच्या हिंवाची. त्या रात्रीं मळेवाले वेलींवर सतत पाणी शिंपडतात. गोठतांना पाणी उष्णता सोडतें व बर्फाच्या कवचांत कोंब वांचतो. शिंपण मध्येंच थांबलें तर तोच करपतो. सन २०२१ च्या एप्रिलांत एवढा खटाटोप करूनही पुष्कळ पीक गेलें.