लेंगा, बनियन, नाईट पॅन्ट : झोपायच्या कपड्यांचे शब्द आले कुठून?

रात्री झोपताना घालायच्या कपड्यांना तुमच्या घरी काय म्हणतात? हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या घरांत आजोबा 'लेंगा' म्हणतील, वडील 'पायजमा' आणि नातू 'नाईट पॅन्ट'. कपडा जवळपास तोच, सैल आणि नाडीचा.

जुन्या मराठीत वेगळा शब्द का नाही?

कारण कपडाच वेगळा नव्हता. दिवसभर जे अंगावर, त्यातलंच जुनं, मऊ झालेलं रात्री. बायका नेसत्या लुगड्यावरच झोपत, पुरुष धोतर-बंडीवर. खास शब्द होते ते तान्ह्या बाळासाठी: झबलं, टोपडं, दुपटं, कुंची. पोर मोठं झालं की चड्डी-बनियन.

पायजमा झोपेचा कसा झाला?

शब्द फारसी. 'पाय' म्हणजे पाय, 'जामा' म्हणजे वस्त्र. आपल्याकडे तो दिवसा, चारचौघांत घालायचा कपडा. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी तो घरी आराम करताना आणि झोपताना घालायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्येही पुरुष लांब झग्याऐवजी पायजमा घालून झोपू लागले. पुढे हीच 'रात्रीचा कपडा' ही कल्पना 'नाईट ड्रेस' म्हणून आपल्याकडे परत आली.

बनियनचंही तसंच. हा शब्द 'वाणी', 'बनिया' यावरून युरोपात गेला. अठराव्या शतकात तिथे घरात घालायच्या सैल झग्याला बनियन म्हणत. आपल्याकडे तो आतल्या गंजीसाठी रुळला. १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात दोन्ही शब्दांच्या नोंदी आहेत.

मग लेंगा म्हणणं गावंढळ का?

हिंदीत लहंगा म्हणजे बायकांचा घागरा, मराठीत लेंगा म्हणजे पुरुषांचा पायजमा. त्यामुळे गावाकडचा मुलगा शहरातल्या वसतिगृहात 'लेंगा' म्हणाला की पोरं हसतात. दुसऱ्या दिवसापासून तो 'नाईट पॅन्ट' म्हणतो आणि सुट्टीत घरी आल्यावर आजीलाच सुधारायला लागतो.

पण त्याच आजीच्या अंगावर आता बहुतेकदा 'मॅक्सी' किंवा 'गाऊन' असतो. हे शब्द इंग्रजी, तरी त्यांना कुणी हसत नाही. म्हणजे चूक शब्दात नाही. शब्द कुणाच्या तोंडचा, यावर त्याची पत ठरते.

आज घरी विचारून बघा, लहानपणी कशाला काय म्हणायचे. झबलं आणि कुंची आठवणारं माणूस घरात असेल, तोवर हे शब्द विचारून घेता येतील.