संशयाचे दोन चेहरे

ठामपणे बोलतो तो विद्वान आणि ‘खात्री नाही’ म्हणतो तो दुबळा, असा समज सार्वजनिक जीवनात रूढ झाला आहे. विचारांचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त सृष्टीच्या उत्पत्तीचा प्रश्न उपस्थित करते आणि तिच्या अध्यक्षाला तरी त्याचे उत्तर ठाऊक असेल की नाही, या शंकेपाशीच थांबते.

पुढे शास्त्रकारांनी या वृत्तीला शिस्त लावली. न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान संशयाला आहे. संशय नसेल तर निर्णयाचे प्रयोजनच उरत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे ‘पूर्वपक्ष’ म्हणून आधी मांडण्याची परंपराही याच जाणिवेतून दृढ झाली. युरोपात देकार्तने १६४१ साली इंद्रियांच्या साक्षीवरही अविश्वास दाखविला. पण तो संशयात रमण्यासाठी नव्हे, तर निःसंशय असे काही हाती लागावे म्हणून. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात स्वतःच्या सिद्धान्तापुढील अडचणींना स्वतंत्र प्रकरण दिले. वाचकाच्या मनातील आक्षेप लेखकानेच आधी बोलून दाखविला, की वाचकाचा विश्वास वाढतो. येथे वक्तृत्व आणि सत्यनिष्ठा एकत्र नांदतात.

तथापि, याच शस्त्राला दुसरीही धार आहे. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत निवेदन प्रसिद्ध केले. धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो याला पुरावा नाही, तज्ज्ञांत एकमत नाही, आणखी संशोधन हवे, असा त्याचा सूर होता. भाषा जिज्ञासूची, हेतू विक्रीचा! १९६४ साली सरकारी वैद्यकीय अहवालाने धोका स्पष्ट केल्यावरही हा सूर बदलला नाही. १९६९ च्या एका अंतर्गत टिपणात तर संशय हाच आपला माल असल्याची कबुली होती.

मग खरा संशय ओळखावा कसा? प्रामाणिक संशयी आपली शंका कोणत्या पुराव्याने फिटेल, हे सांगू शकतो आणि तो पुरावा मिळताच मत बदलतो. शंकेचे ढोंग करणाऱ्याला कोणताही पुरावा पुरत नाही. वर्गात अडचणीचा प्रश्न आला असता ‘उद्या पाहून सांगतो’ म्हणणारा आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच उत्तर घेऊन येणारा शिक्षक विद्यार्थ्यांना हा भेद कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक चांगला शिकवून जातो.